एक फोन आणि अख्खा वर्ग : शाळेत चित्रपट शिकवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आश्रमशाळेत नववीला ३८ मुलं आहेत. फोन एकच, तोही माझा. चित्रपट करायला शिकवता येईल का? (शिक्षिका, जव्हार)

येईल, बाई. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या लुमिए बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, ते प्रत्येकी मिनिटभराचेही नव्हते. कॅमेरा एका जागी, शॉट एकच. तुमच्या वर्गालाही हाच नियम लावा. प्रत्येकाला एक मिनिट. फोन हलवायचा नाही, गाणं लावायचं नाही. मात्र आदल्या दिवशी फोन कुठे ठेवणार, किती वाजता, चौकटीत कोण येणार नि कोण जाणार, हे वहीत लिहून आणायचं. भाकरी थापणाऱ्या मावशी, पाण्याच्या टाकीपाशी लागलेली रांग, काहीही चालेल. सगळ्यांचं मिळून चित्रण पाच जीबीच्या आसपास होईल. मग एकत्र बसून पाहा आणि प्रत्येकाला एकच विचारा : फोन इथेच का ठेवलास? कधी न बोलणारी पोरं या प्रश्नाला तोंड उघडतात. माझ्या मते खरं शिक्षण तिथे सुरू होतं, ॲप उघडल्यावर नाही.

पुढचा पाठ दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ साली त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपून छोटा चित्रपट केला. तो पाहून भांडवल मिळालं आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तुम्हीही वाटाणा पेरा आणि रोज एक फोटो काढा. फोन तुमच्याबरोबर घरी जातो, म्हणून त्याची जागा खडूने आखून ठेवा. महिन्याचे ३० फोटो, सेकंदाला दहा धरले तर तीन सेकंद! पडद्यावरच्या तीन सेकंदांमागे केवढी चिकाटी असते, हे मुलांना सांगावं लागत नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो आणि चित्रपट अर्धवट राहतो. त्या मुलांना कोपीवरून (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवरून) शूटिंग करून पाठवायला सांगू का? (शिक्षक, पाटोदा)

जाणाऱ्या मुलांचं चित्रण जून ते दसरा या काळात उरकून घ्या. कोपीवरून व्हिडिओ मागवताना मात्र फार जपा. आईबापांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. व्हिडिओत कारखान्याचं नाव किंवा टोळीचा ट्रॅक्टर दिसला, तर जाब त्यांना द्यावा लागतो. मूल मोळ्या बांधताना दिसलं तर बोटही त्यांच्याकडेच वळतं. आपल्या प्रकल्पासाठी कुणाच्या घराला घोर लागता कामा नये.

त्याऐवजी आवाज मागवा. कोयत्याला धार लावल्याचा, मोळी गाडीत पडल्याचा, आईला विचारून तिने म्हटलेल्या ओवीचा. व्हॉट्सॲपवर साधी व्हॉइस नोट पुरते. गावात राहिलेल्यांनी त्या आवाजांना इथली चित्रं जोडायची : कुलूप लागलेली घरं, पारावर बसलेली आजी, वर्गातली मोकळी बाकं. गेलेली मुलं हजेरीपटावर गैरहजर असली तरी चित्रपट त्यांचाही राहतो. श्रेयनामावलीत त्यांची नावं ‘ध्वनिमुद्रण’ खाली घाला, पण विचारून.

प्रश्न : आमची मुलं पावरी बोलतात. ‘संवाद कळत नाहीत, प्रमाण मराठीत करा’ असं स्पर्धेच्या परीक्षकांनी सांगितलं. काय करावं? (शिक्षक, धडगाव)

पावरी सोडू नका. आधी डोळे मिटून चित्रपट ऐका. बहुतेक वेळा दोष बोलीचा नसतो. फोन बोलणाऱ्यापासून दहा फुटांवर असतो आणि वर पत्र्याचं छप्पर घुमत असतं. दुसरा फोन फ्लाइट मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा आणि त्यावर नुसता आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे संकलनात दोन्ही जुळवता येतात. खोली घुमत असेल तर सतरंज्या टांगा, नाहीतर सरळ झाडाखाली या. मराठी सबटायटल मुलांनाच लिहू द्या.

प्रश्न : चित्रपट यूट्यूबवर टाकायचा आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांची सही घेतलेली आहे. (मुख्याध्यापक, सोलापूर)

त्या सहीवर विसंबू नका, ती या चित्रपटासाठी घेतलेली नव्हती. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो. आधी शाळेच्या पटांगणात चादर बांधून पालकांना चित्रपट दाखवा, मग विचारा. मुलांनाही विचारा, एकाने जरी ‘माझा भाग नको’ म्हटलं तरी तो काढा.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. शाळेत चित्रपट शिकल्यापासून तिला हेच करायचंय. मी घरकाम करते. यात पोट भरेल का? (पालक, पुणे)

ताई, लगेच मोठं नाव होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण संकलन नि ध्वनी येणाऱ्याला लग्नाच्या व्हिडिओपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत कामं असतात. तुमच्याच शहरातल्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, म्हणून कॉलेज सुटू देऊ नका. तिचा ओढा ध्वनीकडे असेल तर अकरावीला विज्ञान शाखा घ्यायला सांगा. त्या अभ्यासक्रमाला बारावीत भौतिकशास्त्र लागतं.