कोंबडीचे जीवनचक्र तिसरीतल्या मुलांना कसे समजावून सांगावे?

अंडे, पिल्लू, तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) आणि कोंबडी असे चार चित्रांचे वर्तुळ दाखवूनही मुलांचे समाधान होत नाही आणि ‘दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का येत नाही?’ या त्यांच्या प्रश्नावर आपण अडखळता, असे आपण लिहिले आहे. आमच्याकडे कोकणात घरच्या गावठी कोंबड्या आहेत, त्यामुळे लहान मुलांच्या या प्रश्नांशी माझा नेहमीच संबंध येतो. माझ्या मते सुरुवात अंड्याच्या चित्रापासून न करता अंडे कोंबडीच्या पोटात असते तेव्हापासून करावी.

एक अंडे तयार होण्यास सुमारे एक दिवस लागतो आणि त्यातील बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो. कोंबड्याशी संयोग झालेला असेल तर कवच चढण्यापूर्वीच अंडे फलित होते आणि पिवळ्या बलकावरील बारीक पांढरट ठिपक्यात पेशींचे विभाजनही सुरू होते. पिल्लू बनते ते या ठिपक्यापासून. बलक ही त्याची शिदोरी असते. (पिवळे म्हणजेच पिल्लू, असे अनेक मोठ्या माणसांनाही वाटते.) दुकानातील अंडी ज्या पोल्ट्रीतून येतात तेथे अंड्यांच्या कोंबड्यांमध्ये कोंबडा ठेवलेलाच नसतो. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते, परंतु ती अफलित असल्यामुळे कितीही उबवली तरी त्यांतून काही निघत नाही.

अंडे बाहेर येऊन थंड झाले की आतली वाढ थांबते. वर्तुळाच्या चित्रात हा थांबा कधीच दिसत नाही आणि मला तर तोच सर्वांत नवलाचा वाटतो. कोंबडी दहा-बारा अंडी घालण्यास दोन आठवडे किंवा अधिक दिवस घेते, तरी पिल्ले जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात, कारण कोंबडी खुडूक होऊन (अंडी घालणे थांबवून) रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसेपर्यंत सगळी अंडी थांबून राहिलेली असतात. बसल्यावर ती छातीच्या उघड्या कातडीची ऊब अंड्यांना देते, चोचीने ती वरचेवर फिरवते आणि दाणापाण्यासाठी दिवसातून थोडाच वेळ उठते.

तेथून 21 दिवस मोजावेत. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस हृदय धडधडू लागते. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाशी बॅटरी धरली, तर मधोमध काळसर ठिपका आणि त्याच्यापासून चहूकडे पसरलेल्या लाल शिरा स्पष्ट दिसतात. मुलांना हे एकदा दाखवावेच, मात्र अंडे लगेच कोंबडीखाली परत ठेवावे. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू बोथट टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसून फुप्फुसाने श्वास घेऊ लागते आणि आतूनच चिवचिवते. चोचीच्या टोकावरील कठीण उंचवट्याने ते कवचाला भोक पाडते, त्यानंतर कित्येक तास विसावा घेते आणि मग आत गोल फिरत कवच कापून बाहेर पडते. दया येऊन कवच सोलू नये, कारण त्या वेळी आतील रक्तवाहिन्या पूर्ण आटलेल्या नसल्या तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकते.

उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असल्यामुळे नवे पिल्लू दोन दिवस काही न खाता तग धरते. पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, म्हणून ते पुन्हापुन्हा आईच्या पंखाखाली शिरते. हळूहळू लव जाऊन खरी पिसे येतात. तलंगेचा तुरा लाल झाला की ती अंड्यावर येणार असे समजावे. गावठी तलंग साधारण सहा महिन्यांची झाल्यावर अंडी घालू लागते आणि तिची पहिली अंडी लहान असतात.

नीट सांभाळलेली कोंबडी पाच ते आठ वर्षे जगते, पण वयाबरोबर अंडी कमी होत जातात. मांसासाठी वाढवलेला ब्रॉयलर मात्र साधारण दीड महिन्यातच बाजारात जातो. हे तिसरीच्या वर्गात आपणहून सांगण्याची घाई करू नये, परंतु एखाद्या मुलाने विचारले तर न टाळता सरळ सांगावे, असे माझे मत आहे.