दिग्दर्शन दिलंय, की दया दाखवलीय?

व्हीलचेअर वापरणारी, तिशीच्या आतली तरुणी. गंगापूर रोड परिसरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेनं एकांकिकेचं दिग्दर्शन तिच्याकडं सोपवलं आणि तिची झोपच उडाली. "दया म्हणून दिलं असेल तर? आणि माझ्यापायी सगळ्यांची अडचण होईल ती वेगळीच." दिव्यांग कलावंतांकडून ही काळजी वारंवार ऐकू येते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"तसं काही नसतं हो" म्हणून ही शंका झटकू नये. कधीकधी ती खरी असते. तिला संस्थेकडं तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. पात्रनिवड कोण करणार? नेपथ्याच्या खर्चावर सही कोणाची? मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? पहिल्याला उत्तर आलं 'तुझी तूच कर', दुसऱ्याला 'बघू', तिसऱ्याला सगळे गप्प. तिन्ही लेखी ठरल्यावरच तिनं होकार दिला.

मग अडचणींची यादी केली. बहुतेक अडचणी जागेच्याच निघाल्या. तालमीची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'चौघं उचलून नेऊ' म्हणाले. उचलताना खुर्ची तिरकी होते, पकड सुटते, शिवाय दिग्दर्शकानं कधी यायचं हे त्या चौघांच्या सवडीवर ठरतं! तळमजल्यावरचा हॉल शोधला. नाट्यगृहाचा रंगमंच ३ फूट उंच. १:१२ उताराचा रॅम्प म्हणजे ३६ फूट लांबी, मधले सपाट टप्पे वेगळे. तेवढी जागा नव्हती, आणि आखूड फळीवर खुर्ची मागं उलटते. त्यामुळं रंगीत तालीम तिनं प्रेक्षागृहातूनच माइकवर घेतली. प्रेक्षकाला काय दिसतं ते तिथूनच तर कळतं.

घोळ झाला तो सहायकाशी. नट वर, ती खाली. प्रश्न आपोआप जवळच्या सहायकाकडं जायचे आणि तो उत्तरंही द्यायचा. तेव्हा नियम केला : त्यानं जागा आखायच्या, वस्तू हलवायच्या, भूमिकेबद्दल कुणी विचारलं की फक्त "ताईंना विचारा" म्हणायचं. दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि पाठबळ द्यावं, असं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २९ सरकारला सांगतं. तालमीतला अधिकार मात्र असा बारकाव्यानंच राखावा लागतो.

प्रयोगाआधीच्या निवेदनात 'अपंगत्वावर मात करून' असं वाक्य होतं. ते तिनं खोडलं आणि तिथं प्रकाशयोजनाकाराचं राहून गेलेलं नाव घातलं.