दुबईला निघालास? आधी तिथली हवा समजून घे

पुण्यात उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे. पाऊस आला की सुटलो. तिथे ती वाट पाहू नकोस. जून ते सप्टेंबर पारा ४० च्या आसपास किंवा वरच, त्यात ऑगस्टमध्ये समुद्रावरची दमट हवा. रात्रीही शर्ट अंगाला चिकटतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. आंघोळीची बादली रात्रीच भरून ठेव. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली कामं कायद्यानेच बंद असतात, तूही तेव्हा पायी फिरू नकोस रे. स्वेटर मात्र ने, ऑफिसातल्या एसीसाठी. आईबाबांना जानेवारीत बोलाव.