कवटीवाला दिसत का नाही?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राच्या भरवशावर ‘द स्कल मॅन’ ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका सुरू केली. ‘कवटीचा मुखवटा घालून एकेकाला संपवणारा माणूस’ असं तो रंगवून सांगत होता. चार भाग झाले. कवटीवाला येतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब होतो. बाकी वेळ एक वार्ताहर गावभर चौकशा करत हिंडतो. पुढे वेग येतो का, की सोडून देऊ? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुला हवा तसला वेग येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तेरा भागांची मालिका आहे आणि ती शेवटपर्यंत आपल्याच चालीने चालते. तरी सोडू नकोस.

मित्राने तुला अर्धीच गोष्ट सांगितली. ही कवटीवाल्याची कहाणी कमी आणि त्याच्या मागावर निघालेल्यांची जास्त. हायातो हा वार्ताहर कवटीवाल्याच्या अफवेचा माग काढत ओतोमो या आपल्या जुन्या गावी परततो. किरिको ही फोटोग्राफर पोरगी त्याला जी चिकटते ती चिकटतेच. काळ महायुद्धानंतरचा, पण इतिहासाच्या पुस्तकातला नव्हे, जरा वाकड्या वाटेने गेलेल्या जपानचा. गावावर एका औषध कंपनीचा वचक, आणि लोक बोलायचं ते सोडून भलतंच बोलणारे. आता अशा गावात वार्ताहराने चौकशा करायच्या नाहीत तर काय उड्या मारायच्या? पुढचे भाग बघताना कवटीवाला कधी येतो याची वाट बघू नकोस. हायातोच्या प्रश्नांना कोण काय उत्तर देतं आणि कोण विषय बदलतं, तिकडे लक्ष ठेव. मालिकेतली भीती तिथे आहे. संगीत शिरो सागिसू यांचं आहे, ‘इव्हँजेलियन’ या गाजलेल्या ॲनिमेवाले. रात्री हेडफोन लावून ऐक.

तुझी खरी अडचण मला वेगळीच वाटते. मुखवटेवाला म्हटला की तो आपल्या बाजूचा, हे आपण धरूनच चालतो. आमच्या पिढीला ही सवय इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने, म्हणजे मुखवटेवाल्या फँटमने लावली. त्याची कवटीची गुहा, कवटीची अंगठी, आणि ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर उमटणारी कवटीची खूण. ती कवटी बघून आम्हाला हायसं वाटायचं! इथे तसं नाही. हा माणूस खून करतो. मारले जाणारे नुसती माणसं आहेत की आणखी काही, हे हळूहळू उलगडतं. पण उलगडल्यावरही ‘बरं झालं, मारलं’ असं सहज तोंडातून निघत नाही. घाईघाईने सांगितली असती तर ही गोष्ट चौथ्या भागातच निकाली निघाली असती आणि तू पाचवा बघितलाही नसतास.

प्रश्न : हा स्कल मॅन म्हणजे कामेन रायडर या जपानी टीव्हीवरच्या मुखवटेवाल्या नायकाची नक्कल आहे का? शेवटची काही मिनिटं तर मला अजिबात कळली नाहीत. ती दुसऱ्याच मालिकेतली वाटतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नक्कल नाही, उलट थोरला भाऊ. चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांनी १९७० मध्ये ‘स्कल मॅन’ ही शंभरेक पानांची एकच मांगा कथा (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) काढली. त्यातला नायक सूडाने पेटलेला आहे आणि सूडापायी निरपराधांचाही बळी घेतो. मुलांच्या पाक्षिक-साप्ताहिकांत त्या काळी असा नायक म्हणजे फारच कडू डोस. थोड्याच दिवसांत टीव्हीसाठी नवा मुखवटाधारी नायक घडवायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी हीच कवटी पुढे केली. टीव्हीवाल्यांना ती पटेना. मग इशिनोमोरींनी नाकतोड्याचं तोंड निवडलं. त्यांच्या मते तेही कवटीसारखंच दिसतं. नाकतोड्याचा फोटो जवळून बघा, मोठे डोळे, खाली निमुळता जबडा. माणूस चुकला नव्हता. एप्रिल १९७१ मध्ये कामेन रायडर टीव्हीवर आला आणि पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. कवटी मागे पडली.

इशिनोमोरी १९९८ मध्ये गेले. बोन्स स्टुडिओची ही मालिका २००७ ची, म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नाही. दिग्दर्शक ताकेशी मोरी यांच्या चमूने मूळ कथा जशीच्या तशी घेतली नाही. माणसं बदलली आणि गाव नव्याने रचलं. शेवटची मिनिटं दुसऱ्या मालिकेतली वाटतात, कारण ती तिकडेच नेऊन सोडतात. इशिनोमोरींच्याच ‘सायबॉर्ग ००९’ या १९६४ पासूनच्या मांगाला तिथे धागा जोडलाय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्या डोक्यावरून जाणारच. माझं मत विचाराल तर हा धागा थोडा ओढूनताणून आणलेला आहे. बारा भाग एका गावाची दारं लावून घ्यायची आणि शेवटी मागच्या भिंतीला भगदाड पाडायचं, हे मला रुचलं नाही. पण त्या आधीचा हायातोचा शेवट चोख आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही, सांगलीकर अजून चौथ्या भागावर आहे.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा आहे. कार्टूनच आहे म्हणून त्याच्याबरोबर बसून बघितली तर चालेल का? (एक आजोबा, डोंबिवली)

उत्तर : नको. रक्तपात आहे, आणि जिथे रक्त नाही तिथे कंटाळून तो तुमचा फोन मागेल. त्याला नाकतोडा दाखवा. कवटीवाला तुम्ही एकट्याने बघा, तो झोपल्यावर.