मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा कायदा लिहायला बसलीयेस म्हणून

प्रिय पोरी,

तुझा मसुदा मिळाला, दोनदा वाचला, एकदा रात्री आणि एकदा सकाळी चहा घेताना. आमदारांच्या ऑफिसात इंटर्नशिप करताना तुला मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरवर, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेवर, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायचं) लिहावंसं वाटलं याचा मला किती आनंद झालाय ते सांगता येत नाही. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सोशल वर्कर म्हणून इतकी वर्षं काढली, पण कायद्याचं शिकणाऱ्या कुणी येऊन "ताई, या मुलांचं पुढे नक्की काय होतं" असं विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आधी मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं बोलू. कलम ३ मध्ये तू "मॉर्फिनवरील निर्बंध शिथिल करण्यात येतील" असं लिहिलंयस, ते सरळ काढ. मॉर्फिनवर निर्बंध घालणारा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, केंद्राचा आहे, तो आपल्या विधानसभेच्या साध्या विधेयकाने बदलता येत नाही, आणि दुसरं म्हणजे ती लढाई बरीचशी झालीये. तुला मागची गोष्ट माहीत असायला हवी. अफू आपल्या शेजारी मंदसौर-नीमचला पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनतं, आणि तरी 1985 चा तो कायदा आल्यावर देशातला मॉर्फिनचा औषधी वापर जवळजवळ 97 टक्क्यांनी खाली आला, 1997 साली अख्ख्या देशात फक्त 18 किलो! कारण काय तर चार-पाच लायसन्स, ती सगळी एकाच वेळी चालू असायला हवीत, आणि चूक झाली तर दहा वर्षं आत. केमिस्टनी ठेवणंच बंद केलं, डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी तर ते कधी लिहिलेलं बघितलंच नाही. मग 2007 मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर सुप्रीम कोर्टात गेली, केरळच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं दिल्लीला खेटे घालत राहिली, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये, त्या लोकसभेच्या अगदी शेवटच्या दिवसांत, एनडीपीएसमधली दुरुस्ती पास झाली. आता हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरते.

मग अडतंय कुठे? ती मान्यता मागायलाच हवी असं कुणावरही बंधन नाही.

एका मुलाची गोष्ट सांगते. दहा वर्षांचा, मांडीच्या हाडाचा कॅन्सर, फुफ्फुसात पसरलेला. घरी जायचं म्हणाला म्हणून पाठवलं, सोबत थोड्या गोळ्या आणि चिठ्ठी. गोळी 10 मिलिग्रॅमची आणि त्याला लागायची त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ती कुटून पाण्यात विरघळवून सिरिंजने मोजून द्यायला आईला शिकवलं होतं. गोळ्या संपल्या. वडील तीन दिवस चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या गावात फिरले, प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, आमच्याकडे नसतं, मुंबईला जा. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आईचा फोन आला, "ताई, तो आता रडत पण नाहीये, नुसता पडून आहे, बरं वाटतंय का त्याला?" बरं वाटत नव्हतं गं. खूप दिवस दुखत राहिलं की मूल हलणंच थांबवतं, हललं की दुखतं म्हणून. घरच्यांना वाटतं शांत झालाय. दुसऱ्या दिवशी आमच्या एका नर्सने एसटीने जाऊन औषध पोचवलं, आणि संध्याकाळी त्याने उठून बसून मीठ लावलेली कैरी मागितली. त्या तीन दिवसांचा जाब विचारायला त्याच्या बापाकडे एकही कायदा नव्हता.

म्हणून तुझ्या मसुद्यातली क्रियापदं बघ. "शासनास उपलब्ध करून देता येईल" असं तू सात ठिकाणी लिहिलंयस, मी मोजलं. "देता येईल" म्हटलं की उद्या कुणीही म्हणेल येत होतं पण दिलं नाही, विषय संपला. तिथे "शासन उपलब्ध करून देईल" असं लिही, कोण देईल ते लिही, म्हणजे सिव्हिल सर्जन, आणि किती दिवसांत तेही लिही. महाराष्ट्राने 2012 मध्येच पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलंय, केरळनंतर आपणच. मुलांसाठीचं काम तर त्याच्याही आधी 2010 मध्ये जव्हार, सोलापूर आणि मुंबईत सायनला सुरू झालं होतं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही, पण धोरण फाईलीत राहतं आणि अधिकारी बदलला की त्याच्यासोबत बदलीवर जातं.

आता कलम ५, ज्याने मी खरंच अस्वस्थ झाले. "ज्या बालकाचे आयुर्मान सहा महिन्यांपेक्षा कमी आहे" ही अट तू बहुतेक अमेरिकेतल्या हॉस्पिसच्या, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या काळातल्या सेवेच्या, नियमावरून घेतलीस. ती मुलांना लावू नकोस. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाणारा मुलगा वर्षानुवर्षं जगतो आणि त्याला त्या सगळ्या वर्षांत मदत लागते. गडचिरोली-नंदुरबारकडची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं मोठी होतात, कॉलेजात जातात, पण दुखण्याचा झटका (क्रायसिस) आला की जे दुखतं ते कॅन्सरपेक्षा कमी नसतं, त्यांना कुठल्या सहा महिन्यांत बसवशील? आणि त्याच अमेरिकेत आधी हॉस्पिस हवं तर आजारावरचा इलाज सोडा अशी अट होती, आईबाप ती सही करायला तयार होईनात, शेवटी 2010 च्या आरोग्य कायद्यात कलम 2302 घालून मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या मुलांना दोन्ही एकदम मिळतील असं करावं लागलं. आपल्याकडे असा नियम नाही, पण लोकांच्या मनात तो आहेच. पॅलिएटिव्ह हा शब्द काढला की बाप विचारतो, "म्हणजे आता तुम्ही सोडून दिलं का?" किमोही चालू राहील आणि दुखणंही थांबवू हे समजवायला मला कधीकधी तासभर लागायचा. तुझ्या कायद्यात ते एका ओळीत असू दे, निदान झाल्या दिवसापासून, इलाज चालू असताना सुद्धा.

आईबापाच्या बुडालेल्या रोजंदारीचं तू काहीच लिहिलं नाहीस. त्यावर एक कलम हवंच, भावंडांच्या शाळेचाही विचार कर.

विधेयक पास होईल का असं विचारलंस. खरं सांगते, कठीण आहे. संसदेत स्वातंत्र्यानंतर 14 च अशासकीय विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. पण चर्चेला आलं तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं, आणि पुढच्या माणसाला ते दाखवून विचारता येतं की तुम्ही हे म्हणाला होतात. 2007 ची ती याचिका सुद्धा 2014 ला फळली.

रविवारी ये, दोन्ही कलमं घेऊन बसू. त्याआधी एक काम कर. तुमच्या सिव्हिलच्या फार्मसीत जा आणि मॉर्फिनच्या गोळ्या ठेवता का एवढंच विचार, ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आण.

तुझी,
ताई