मुलीचं नाव ‘मृण्मयी’ ठेवलं तर इंदूरमध्ये तिला त्रास होईल का?

तुमचा प्रश्न असा की मृण्मयी हे नाव तुम्ही दोघांनी नक्की केलंय, बारसं तोंडावर आलंय आणि सासरचे म्हणताहेत की इंदूरसारख्या हिंदी शहरात हे नाव कोणाला धड लिहिता येणार नाही, पोरगी जन्मभर स्पेलिंग सांगत बसेल, त्यापेक्षा अनन्या नाहीतर आराध्या ठेवून मोकळे व्हा.

ठेवा हो बिनधास्त मृण्मयी. मी इंदूरचीच, रामबागेत वाढले, आता सुदामा नगरात राहते आणि माझ्या मुलीचं नाव ज्ञानदा आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा माझा पूर्ण हक्क बनतो. माझं म्हणणं इतकंच की अवघड नावाने कोणाचं काही अडत नाही, अडतं ते एकाच नावाची दोन-तीन स्पेलिंगं वेगवेगळ्या कागदांवर चढली की.

माझ्या धाकट्या दिराचं नाव हृषीकेश. दहावीच्या मार्कशीटवर एच-आर-आय वालं हृषीकेश, पॅन कार्डावर एच-आर-यू वालं आणि बँकेच्या पासबुकावर सरळ आर पासून ऋषिकेश, कारण ज्याने फॉर्म बघितला त्याला गंगेकाठचं गाव तेवढं माहीत. कॉलेज होईपर्यंत कोणाला काही पडलेली नव्हती. मग नोकरी लागली, पीएफचं केवायसी आधारशी जुळेना, पॅन-आधार लिंक होईना, एक सुधारायला गेलं की दुसरं म्हणतं आधी त्याचा पुरावा आणा. शेवटी स्टॅम्प पेपरवर शपथपत्र केलं की ही तिन्ही नावं एकाच इसमाची आहेत, पेपरात जाहिरात दिली, तेव्हा कुठे गाडी हलली. सासूबाई अजून दारात त्याची स्कूटर वाजली की म्हणतात, आले माझे तिघं.

आता यात हृषीकेश नावाचा काय दोष? घरात आधी बसून एक स्पेलिंग ठरवलं असतं आणि प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. आणि हे दीपक-दिपकचं पण होतं, एका आय आणि दोन ईं मध्ये लोकांचे लोन अडकलेत.

त्यामुळे खरं डोकं लावायची जागा म्हणजे जन्माचा दाखला. हॉस्पिटलच्या कागदांवर आधी ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव एवढंच असतं. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, पण त्या नोंदीत बाळाचं नाव लगेच पाहिजेच असं नाही, ते नंतरही घालता येतं, वर्षभरात बिनाफी आणि त्यापुढे लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बारशाच्या गडबडीत कोणा काकाला पाठवून फॉर्म भरून टाकायची काही घाई नाही. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन्स, पासपोर्ट, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार, तर पुढचा प्रत्येक क्लार्क त्यावरूनच नाव उतरवणार. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हेही लक्षात असू द्या. दाखल्यावर देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही असतं, हातात आला की खिडकीवरच उभं राहून दोन्ही वाचा, एकेक अक्षर बोट ठेवून. मागच्या लाइनीतले भिया लोक ओरडतील, ओरडू द्या.

आता इंदूरचं म्हणाल तर इथला घोळ जरा वेगळा आहे, तो पुण्याच्या लोकांना सांगून कळत नाही. आपली काही अक्षरं हिंदीत आहेत पण आवाज वेगळा, आणि ळ तर त्यांच्याकडे नाहीच. ज्यांचं इथे राज्य होतं त्या होळकरांचं बघा ना, सायन्स कॉलेजपासून स्टेडियमपर्यंत सगळीकडे होलकर. टिळकांचं इंग्रजीतून परत येताना तिलक झालं आणि तिलक नगर वसलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं तर सिंधिया झालं. राजघराण्यांचा टिकाव लागला नाही तिथे आपण कोण. म्हणून नावात ळ असेल तर तो जाणार असं धरूनच चाला, ते मनाला लागणार असेल तर ळ वालं नाव घेऊ नका. ऋ ला इथे रि म्हणतात, आपण रु म्हणतो. ज्ञ ला ग्य म्हणतात.

आमच्या ज्ञानदाचं यामुळे असं झालं की फळ्यावर देवनागरीत लिहिलं की वर्गातली मुलं आरामात ग्यानदा वाचतात, काही अडचण नाही, उच्चार वेगळा पण नाव तेच. खरी मजा इंग्रजीत. आम्ही डी-एन-वाय-ए-एन-ए-डी-ए लावलं, कारण घरात आम्ही तसं बोलतो आणि नागपूर-पुण्याकडे सगळे ज्ञानेश्वर असंच लिहितात. जी पासून लिहिलं असतं तर इथे सोपं गेलं असतं, यावर आमच्यात बरीच वादावादी झाली, पण नवरा म्हणाला की मग घरात आपण तिला एक म्हणणार आणि कागदावर दुसरंच, ते काही पटलं नाही. नर्सरीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी रजिस्टर बघितलं, थांबल्या, चष्मा वर केला आणि जोरात हाक मारली, ‘डायनाडा!’ पोरीला वाटलं दुसऱ्या कोणाला तरी बोलावताहेत, ती जागची हलेना. मग आमच्या शेजारच्या जैन भाभींचा मुलगा, तो त्याच वर्गात, तो उठून म्हणाला, मॅम ये तो गिन्नी है. आठवडाभरात मॅडमना पाठ झालं. लोकांना शिकवलं की येतं हो, क्रिकेटर लोकांची श्रीलंकेची दीड-दीड ओळीची नावं म्हणतातच की.

(गिन्नी हे कोणी ठेवलं मला माहीत नाही. तुमच्याही मृण्मयीची मिनू नाहीतर मन्नू होणारच, ते अनन्याचंही होतं, त्यावर उपाय नाही.)

तुमच्या नावात दोन जागा आहेत जिथे घसरायला होतं. पहिली मृ. एम-आर-यू लिहिलंत तर मराठी उच्चाराला धरून होईल, एम-आर-आय लिहिलंत तर हिंदीवाले आणि बंगाली लोक बरोबर वाचतील. दोन्ही बरोबरच आहेत, घरात ज्या उच्चाराने हाक मारणार ते घ्या, म्हणजे माझं मत यू. दुसरी शेवटची यी. इथे लोक आय, डबल ई, आय-ई काहीही लावतात. मी एकच आय लावेन, कमी अक्षरं तेवढ्या कमी चुका, फोनवर सांगायलाही बरं. मधला अर्धा ण इंग्रजीत एन मध्ये विरघळून जातो, पण देवनागरीत मात्र ‘मृन्मयी’ लिहून येईल, संस्कृतच्या हिशोबाने ते चूक नाही, पण तुम्हाला णच पाहिजे, तेव्हा फॉर्ममध्ये मोठ्या अक्षरात आणि मोकळं लिहा.

एक गंमत करून बघा, फुकटची आहे. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा कुरियरच्या काउंटरवर हे नाव नुसतं तोंडी सांगा, स्पेलिंग न सांगता, आणि पावतीवर काय छापून येतं ते बघा. हे चार-पाच ठिकाणी केलंत की लोक नेमके कुठे चुकतात ते कळेल आणि स्पेलिंग त्या हिशोबाने ठरवता येईल. स्पेलिंग सांगायला दहा सेकंद लागतात, तेवढं कोणाचंही आयुष्य वाया जात नाही.

नावापेक्षा जास्त गोंधळ मला मधल्या नावाचा वाटतो आणि तो कोणी विचारतच नाही. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहायची पद्धत, इथल्या शाळांच्या फॉर्मवर नाव आणि आडनाव, वडिलांचा रकाना वेगळा. मग एका कागदावर वडील मधे घुसतात, दुसऱ्यावर बाहेर राहतात आणि कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. दाखल्यावर एकदा काय ते ठरवा, मध्ये वडील नकोत तर कुठेच नकोत. आम्ही नुसतं नाव-आडनाव ठेवलं, आजोबा थोडे फुगले, नंतर आपोआप उतरले.

राहिला प्रश्न सासरच्यांचा. पत्रिकेतल्या अक्षरावरून पण काही निघालं असेल तर त्यांना सांगा की आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तरा भाद्रपदाच्या चौथ्याला ञ, त्यावरून कोणी नाव ठेवून दाखवावं, मृण्मयी त्यापुढे काहीच नाही. तिथे भटजी पण दुसरं अक्षर सुचवून मोकळे होतात. आणि आत्याबाईंना बारशाच्या आधी एकदा बाजूला घेऊन नाव तीन-चारदा म्हणून घ्या, कारण कानात कुर्रर्र करताना त्यांनीच मुन्नमयी म्हटलं तर मग सासूबाईंना आयतं कोलीत मिळेल.