रामकुंडावरची वही आणि पॅरिशची नोंदवही

प्रश्न : इंग्लंडहून आलेल्या आमच्या सुनेला नाशिकला रामकुंडावर उपाध्यायांनी वहीतली माझ्या पणजोबांची मोडीतली सही दाखवली. तिचे पूर्वज तिकडच्या खेड्यात शेतमजूर होते. त्यांची अशी नोंद मिळेल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : बहुधा मिळेल, आणि कदाचित अधिक सलग मिळेल. १५३८ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही सुरू झाली. आपल्याकडे घरचे कोणी यात्रेला आले तरच वहीतली वंशावळ पुढे सरकते. तिथे मात्र गाव कधीही न सोडलेल्या मजुराचेही नाव पाद्री लिहून ठेवी. दफनाची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांची व साक्षीदारांची सही लागू लागली. निरक्षर माणूस तिथे फुली मारी, आणि ती पाहताना आपल्याकडचा अंगठा आठवल्यावाचून राहत नाही. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची असल्यामुळे सूनबाईंनी आधी त्या नोंदींवरून मागे मागे जात १८३७ पर्यंत पोहोचावे आणि मगच पॅरिशच्या वह्यांकडे वळावे. त्या आता बहुतेक कौंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, अभिलेखागारात असतात. पाने गहाळ असल्यास बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला पाहाव्यात.